अनोळखी इसमास

प्रति,
काळ्या मोटारसायकलवर मागे बसलेला अनोळखी इसम,
मुक्काम पोस्ट ठाऊक नाही.

तुला 'प्रिय' म्हणणार नाही आणि 'सप्रेम नमस्कार'ही घालणार नाही. 'अनोळखी इसम' हे नाव फिर्यादीतलं आहे. वय अंदाजे पंचवीस ते तीस, अंगात काळं जर्किन, तोंडाला रुमाल. पुढे बसलेल्या साथीदाराच्या डोक्यावर हेल्मेट. स्वतःची डोकी इतकी जपणाऱ्या तुम्ही दोघांनी माझ्या सहासष्ट वर्षांच्या मावशीला मानेला धरून मागे ओढलं.

तुला ती आठवत नसेल. तू तिच्याकडे पाहिलंस ते गळ्याकडेच. म्हणून सांगते. गंगापूर रोडवरून आत शिरणारी एक शांत गल्ली, दिवेलागणीची वेळ. नवश्या गणपतीचं दर्शन घेऊन ती नुकतीच रिक्षातून उतरली होती. तू तिला पत्ता विचारलास. तिने सांगितला. कळला नाही असं तू दाखवलंस, तेव्हा तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि हात लांब करून पुन्हा सांगितला. तो हात तसाच असताना तू पोत धरलीस. पोत पहिल्या हिसक्याला तुटली नाही, जुन्या घडणीची होती. पहिल्याच वेळी सोडून पळाला असतास तर आज मी हे पत्र लिहीत नसते. तू दुसरा हिसका दिलास, आणि त्या दुसऱ्या हिसक्यात ती फुटपाथच्या कडेवर आदळली. खुब्याचं हाड मोडलं. तुमची गाडी सोमेश्वरच्या बाजूला गेली.

पोत परत दे असं सांगायला मी बसलेले नाही. ती एव्हाना वितळली असेल. मला तुझ्याशी पैशाचं बोलायचं आहे, तेही चारचौघांत, म्हणून पत्र खुलं. तुझ्या त्या एका कृत्यानंतर सरकारच्या तिजोरीतून कोणासाठी काय खर्च होतं, कोणासाठी होत नाही, हे मी मावशीच्या उशाशी बसून शोधत राहिले. तुला हे कळायलाच हवं. त्या खर्चातला मोठा वाटा तुझा आहे.

समजा, उद्या तू सापडलास. अटक होताच सरकारी डॉक्टर तुला तपासतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ तसं सांगतं. चोवीस तासांच्या आत तुला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागेल, ते संविधानाच्या २२व्या अनुच्छेदातच आहे. वकील परवडत नाही म्हणालास तर सरकार वकील देईल. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतला माणूस मोफत वकिलाला पात्र आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. आणि हा हक्क तुला आहे, हे तुला सांगायची जबाबदारीही दुसऱ्यावर आहे. अजमल कसाबच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरोपीला पहिल्यांदा पुढे आणलं जाईल तेव्हा वकिलाचा हक्क दंडाधिकाऱ्यांनी त्याला समजावून सांगायचा, आणि यात कसूर केली तर त्यांच्यावरच खात्यामार्फत कारवाई होऊ शकते.

शिक्षा झाली तर नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह. तिथे दोन वेळचं जेवण, औषधपाणी, काम आणि कामाची मजुरी. तिथले कैदी सुतारकाम करतात, गणपतीच्या मूर्ती घडवतात, त्या विकल्या जातात. शिकावंसं वाटलं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ कैद्यांनाही शिकवतं, आणि त्याचं मुख्यालय या आपल्याच गंगापूर रोडच्या टोकाला, धरणाजवळ आहे. न्यायालयाने तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर १९५८च्या परिविक्षा कायद्याने तुझ्यासाठी एक परिविक्षा अधिकारी नेमला जाऊ शकतो. तुझ्यावर लक्ष ठेवणं, तुला सल्ला देणं, तुला कामधंदा मिळवायला मदत करणं हे त्याचं काम, आणि त्याचा पगार सरकार देतं.

यातली एकही गोष्ट काढून घ्या असं मी म्हणत नाही. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं सडलेल्या गरीब माणसांमुळे, हुसैनारा खातून प्रकरणातून, १९७९ साली हे हक्क पक्के झाले. उद्या पोलिसांनी चुकून माझ्या भाच्याला उचललं तर मला यातलं सगळं त्याच्यासाठी हवं असेल. तुलाही ते मिळू दे. मी फक्त विचारते आहे की तू जिला पाडलंस तिच्यासाठी असा कोण आहे.

रुग्णालयात एक हवालदार आला. स्टुलावर बसून त्याने मावशीचा जबाब घेतला, तिला बोलवेना तेव्हा थांबला, तिला पाणी दिलं. फिर्यादीची प्रत दिली. त्याच्या हातात जे होतं ते त्याने नीट केलं, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यानंतर मात्र कोणी आलं नाही, कारण येणं हे कोणाचं कामच नव्हतं. तुझ्यासाठी कायद्याने पद निर्माण केलंय. तिच्यासाठी पद नाही, म्हणून पगार नाही, म्हणून माणूस नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी पत्र त्याचा तपशील.

तपशील असा. शस्त्रक्रियेचं बिल आणि दोन तोळ्यांच्या पोतीची आजची किंमत यांत फार फरक नाही, म्हणजे तू तिला दोनदा लुटलंस. त्या वेळी जे रुग्णालय जवळ होतं तिथे नेलं, ते सरकारी आरोग्य योजनेत बसत नव्हतं. मग भाड्याचा पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची, ब्युरोची बाई दिवसपाळीला आणि काही दिवस रात्रपाळीलाही, व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा. काकांनी मुदत ठेव मोडली. यातला कुठलाही खर्च तुझ्यावरच्या आरोपपत्रात दिसणार नाही. तिथे फक्त मुद्देमालाची किंमत असेल.

आणि जे बिलात येत नाही ते वेगळंच. मागून येणारी मोटारसायकल हळू झाली की तिचा हात गळ्याकडे जातो, गळ्यात काही नसतानाही. आता ती खोटी पोत घालते आणि तीही पदराखाली. रस्ता विचारणाऱ्याला उत्तर देत नाही. हे मला सगळ्यांत जास्त लागतं, कारण आयुष्यभर ती रस्ता सांगणारी बाई होती. तिला भेटायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी विचारतात, 'एवढं अंगावर घालून कशाला गेलात हो?' ती खाली मान घालून ऐकते, जणू गुन्हा तिच्याकडून झाला. चौकाचौकांतल्या फलकांवरही सूचना तिलाच असते, दागिने घालून फिरू नका. हा अपराधीपणा तिच्या मनातून काढायला कोणीतरी शिकलेलं माणूस हवं. असं माणूस शहरात मिळतं, पण तासाला पैसे मोजून, आणि मुदत ठेव तर मोडून झाली.

मला कायदा शिकायचा नव्हता, तुझ्यामुळे शिकावा लागला. शिकल्यावर कळलं की तिच्यासाठी कायदा नाही असं नाही. आहे, आणि चांगला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम घालण्यात आलं आणि ते २००९च्या ३१ डिसेंबरपासून लागू झालं. नव्या संहितेत तेच कलम ३९६ आहे. गुन्ह्यामुळे ज्याचं नुकसान झालं किंवा ज्याला इजा झाली आणि ज्याला पुन्हा उभं राहायला मदत लागेल, अशा माणसासाठी प्रत्येक राज्याने योजना करायची आणि निधी ठेवायचा, असं ते सांगतं. भरपाई किती हे जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत संपवायची आहे. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला असेल तर तातडीचे उपचार मोफत देण्याचा, अंतरिम मदतीचा हुकूम प्राधिकरण काढू शकतं. म्हणजे बिलाच्या रांगेत काका ठेवीची पावती घेऊन उभे होते तेव्हा हा हुकूम निघू शकला असता. आणि त्यातलं एक पोटकलम तर तुझ्यासारख्यांकडे बघूनच लिहिलंय. गुन्हेगार सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. तू गल्ल्यांतून पळून स्वतःला वाचवलंस, पण त्यामुळे तिचा हक्क बुडत नाही.

पुढे वाच. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ साली लैंगिक अत्याचार आणि इतर गुन्ह्यांतल्या पीडित महिलांसाठी भरपाईची योजना तयार केली आणि निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. तिच्या तक्त्यात एक रकाना आहे: गंभीर शारीरिक इजा, किंवा पुनर्वसन लागेल अशी मानसिक इजा. रक्कम १ ते २ लाख. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. पण त्याच योजनेत पोलिसांनी ज्या गुन्ह्यांची फिर्याद आपणहून प्राधिकरणाला कळवायची ते ठरवून दिलेत. ॲसिडहल्ला, लैंगिक अत्याचार, हुंडाबळी अशांची ती यादी आहे. ती योग्यच आहे, त्या बायकांवर जे गुदरतं त्यापुढे आमचं दुःख लहान आहे. पोत ओरबाडताना मोडलेल्या खुब्याची फिर्याद मात्र त्या यादीत नाही, आणि म्हणून ती फिर्याद ठाण्याच्या कपाटात राहते. भारतीय न्याय संहितेने हिसकावून नेण्याचा नवा गुन्हा कलम ३०४ खाली आणला, तुझ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. लुटताना मुद्दाम दुखापत केलीस असं ठरलं तर जबरी चोरीच्या कलमाखाली शिक्षा कितीतरी जड होईल. तुला किती वर्षं द्यायची यावर संसदेने इतका बारीक विचार केला. ठाण्याच्या कपाटातल्या तिच्या कागदाने जिल्हा न्यायालयापर्यंतचा रस्ता कसा पार करायचा, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

तो रस्ता तरी किती? गंगापूर रोडने अशोक स्तंभाकडे यायचं आणि तिथून सीबीएसकडे वळायचं, की जिल्हा न्यायालय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तिथेच. या रस्त्यावरची शेकडो माणसं रोज त्या न्यायालयावरून जातात. मीही जात होते. १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मिळते, हे मला कोणी सांगितलं नाही. ज्यांना मी विचारलं त्या शिकलेल्या, मोठ्या पगाराच्या शेजाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. मग दुकानातलं काम संपवून रात्री परतणाऱ्या आणि वाटेत पगार लुटला गेलेल्या मुलाला ते कुठून ठाऊक असणार? त्याची अडचण आणखी मोठी. मावशी बाई असल्यामुळे मोफत वकिलाला पात्र तरी आहे. त्या मुलाला आधी उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल. त्याला लुटणारा कोठडीत असला तर त्याला दाखल्याची गरज नाही. विधी सेवा कायद्याच्या १२व्या कलमातली यादी वाच. जातीय अत्याचाराचे बळी आहेत, मानवी व्यापाराचे आहेत, मोठ्या आपत्तीचे आहेत, कोठडीतला माणूस आहे. 'गुन्ह्याची पीडित व्यक्ती' एवढ्या साध्या शब्दांत कोणी नाही.

तू म्हणशील, मी दोन तोळे नेले, तुम्ही सरकारशी भांडता आहात. हो, कारण तू पकडला गेलास तरी हे भांडण संपणार नाही. तुझ्यासारखा दुसरा येईल. पडणारी माणसं पडतच राहतील आणि त्यांना उचलणारी व्यवस्था नसेल तर तुझ्या एका अटकेने काही भरून निघत नाही. २०२५च्या ऑक्टोबरात नाशिक पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं वदवून घेतलं, त्या चित्रफिती घरोघरी मोबाइलवर पोहोचल्या. मावशीने पलंगावर पडल्या पडल्या त्या पाहिल्या असत्या तर तिलाही बरं वाटलं असतं. धाक हवाच. पण बालेकिल्ल्याच्या आत जखमी झालेल्या रयतेची सोय कोणाकडे, हेही ठरलेलं असावं लागतं.

आपल्याकडे ते ठरलेलं असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितलंय की चोरीला गेलेला माल राजाला मिळवून देता आला नाही तर त्याने तो आपल्या द्रव्यातून भरून द्यावा. रक्षण करतो म्हणून कर घेतोस, रक्षण झालं नाही तर भर, असा तो सरळ व्यवहार होता. पेशवाईत चोराचा माग काढत जागले आणि रामोशी गावाच्या शिवेपर्यंत यायचे. माग ज्या शिवेत शिरला त्या गावाने तो पुढे दाखवायचा, नाहीतर नुकसान भरायचं. त्या व्यवस्थेत जुलूमही होता, गरीब रामोशांवर संशयाचं ओझं होतं, ती परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण चोरी ही एकट्या घराची आपत्ती नसून गावाचं देणं आहे, हे त्यात मान्य होतं. आता तुझा माग कॅमेऱ्यांतून निघतो. कॅमेऱ्यांसाठी पैसे मिळतात. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३च्या अर्थसंकल्पात १ हजार कोटींचा निर्भया निधी उभा राहिला, त्यातून मुंबईसकट आठ महानगरांचे सुरक्षित शहर प्रकल्प झाले. त्याच निधीतून राज्यांच्या भरपाई योजनांना हातभार म्हणून सबंध देशाला मिळाले २०० कोटी, आणि तेही एकदाच. कॅमेऱ्याने तुझी गाडी पाहिली. पडलेल्या मावशीला मात्र इस्त्रीवाल्याच्या बायकोने उचललं.

महाराष्ट्राला हे जमत नाही असं म्हणू नकोस. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत खाकी न घातलेली प्रशिक्षित समाजसेविका बसू लागली. मारहाण झालेली बाई आली की आधी तिचं ऐकून घ्यायचं, मग फिर्याद, दवाखाना, निवारा, वकील, या सगळ्यात तिच्या सोबत जायचं. पुढे राज्य सरकारने हे काम आपलं मानलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने 'दिलासा' केंद्र उघडलं, पुढे ते पालिकेच्या इतर रुग्णालयांत गेलं. जखम बांधणाऱ्या परिचारिकेनेच विचारायचं की ही जखम कशी झाली, आणि शेजारच्या खोलीत मदत बसलेली. २ ऑक्टोबर २०१३पासून अत्याचारपीडित महिला आणि मुलांसाठी मनोधैर्य योजना आली. तिची रक्कम तुटपुंजी आणि पैसे उशिरा, तेव्हा २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की ही खैरात नव्हे, आणि शेजारी गोव्यात १० लाखांपर्यंत मिळतात याची आठवण दिली. मग महाराष्ट्रानेही १० लाखांपर्यंत वाढ केली. २०२०च्या पॉक्सो नियमांनी अत्याचार झालेल्या मुलासोबत खटला संपेपर्यंत एक आधार देणारी व्यक्ती असावी असं ठरवलं. जिल्ह्याजिल्ह्यांत सखी केंद्रं आहेत, १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. अत्याचार सोसलेल्या बायकांनी आणि मुलांनी, आणि त्यांच्यासाठी झगडणाऱ्यांनी हे एकेक पाऊल मिळवलं. ते तिथेच थांबू नये. भोसकलेला रिक्षावाला, फसवणुकीत आयुष्याची पुंजी घालवलेला पेन्शनर, खून झालेल्या मुलाची आई, यांच्याबरोबर ठाण्यातून न्यायालयापर्यंत चालणारं माणूस कोण?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तू विचारू नयेस, पण ज्यांना मी या पत्राची प्रत पाठवते आहे ते विचारतील. एक वाट तुझ्याकडूनच जाते. न्यायालय तुला जो दंड करेल तो सरकारजमा होतो, पण त्यातून पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र या २०१३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार न्यायालयाने केलाच पाहिजे आणि दिली किंवा नाकारली तर कारणं नोंदली पाहिजेत. दुसरी वाट नाशिकरोडहून. गुजरात सरकारच्या प्रकरणात १९९८ साली त्याच न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी द्या असं सांगितलं, आणि त्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढणारा कायदा राज्यांनी करावा असंही सुचवलं. तू तिथे रंधा मारून कमावलेल्या पैशातले थोडे जरी मावशीच्या वॉकरला लागले, तरी ते तू आयुष्यात तिला दिलेलं पहिलं काही असेल.

पण एवढ्यावर भागत नाही, हे अमेरिकेकडे पाहून कळतं. तिथे १९८४च्या कायद्याने संघराज्याच्या न्यायालयांत गुन्हेगारांनी भरलेल्या दंडाचा एक निधी केला आणि त्यातून गावोगावच्या मदत केंद्रांना पैसे जाऊ लागले. कल्पना सुंदर होती. पुढे मोठ्या कंपन्यांशी खटल्याबाहेर तडजोडी होऊ लागल्या, ती रक्कम निधीत येईना, निधी आटला आणि मदत केंद्रांचं अनुदान कापलं गेलं. २०२१ साली कायदा दुरुस्त करावा लागला. जखमी माणसाची मदत गुन्हेगाराच्या खिशावर टांगली की असं होतं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. तुझा दंड, तुझी मजुरी ही वरची भर. मूळ रक्कम अर्थसंकल्पात दरवर्षी, स्वतंत्र शीर्षाखाली आली पाहिजे.

नाशिकपुरतं बोलायचं तर मागणी फार मोठी नाही. शहरातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात एक प्रशिक्षित पीडित साहाय्यक, गणवेशात नसलेला, कायम पगारावर. गंभीर दुखापतीची कोणतीही फिर्याद नोंदली गेली की तिची प्रत त्याने त्याच दिवशी जिल्हा प्राधिकरणाकडे न्यायची, आणि कलम ३९६चा अर्ज पीडिताच्या खाटेशी बसून भरून घ्यायचा. त्रिंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात, पालिकेच्या बिटको आणि झाकीर हुसेन रुग्णालयांत 'दिलासा'सारखी एक खोली आणि त्या खोलीत दररोज माणूस. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणं नव्या संहितेने पोलिसांवर बंधनकारक केलंय, ते याच साहाय्यकाने घरी जाऊन सांगायचं. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळतात, कॅमेरे मिळतात. त्याच कागदावर आणखी एक ओळ वाढवावी. आणि २०२७च्या सिंहस्थाचा पैसा शहरात येतोच आहे. लाखो बायका गळ्यात मंगळसूत्र घालून गोदाकाठी उतरतील, आणि त्या गर्दीची वाट तूही पाहत असशील. त्या नियोजनात लुटल्या गेलेल्या परगावच्या बाईला घरापर्यंत पोहोचवणाऱ्या मदतीची तरतूद आत्ताच झाली पाहिजे.

मुद्देमालाचंही सांगून ठेवते. तू पोत विकलीस, तो माल सापडला तर नव्या संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे न्यायालयाने चौदा दिवसांत त्याचं वर्णन नोंदवून, छायाचित्र काढून, पुढच्या तीस दिवसांत त्याची विल्हेवाट ठरवायची आहे. म्हणजे खटला संपेपर्यंत तो मालखान्यात धूळ खात पडायला नको. हेही आम्हाला कोणी सांगायला हवं होतं. मी वाचून काढलं म्हणून कळलं. ज्यांच्या घरी वाचून काढणारी भाची नाही त्यांनी काय करायचं?

आम्ही अर्ज केला आहे. त्यात तुझं नाव नाही, तरी तो चालतो. मावशी आता वॉकर धरून दारापर्यंत येते. तुला शिक्षा व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि तुला वकील मिळावा, तुला कोणी मारू नये, तुझा खटला लवकर आणि नीट चालावा असंही तितक्याच मनापासून वाटतं. न्यायाधीशांनी भरपाईचा विषय काढला की गरिबी सांगून हात वर करू नकोस. हप्त्याने दे, पण दे.

या पत्राच्या प्रती जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि या भागातून निवडून गेलेल्या आमदारांना पाठवते आहे. त्यांच्याकडून मला पुढच्या अर्थसंकल्पातला आकडा हवा. तुझ्याकडून, ज्या सोनाराने पावती न मागता ती पोत वितळवून घेतली, त्याचं नाव आणि दुकानाचा पत्ता.

फिर्यादीची भाची,
गंगापूर रोड, नाशिक